वाऱ्यावर सोडलेला पाचोळा

माघ अर्ध्यावर आला की पुण्यात, एरंडवण्यातल्या आमच्या आवारात सोनमोहराची पानं भुशासारखी झडू लागतात. मागोमाग रेन ट्री, मग पिंपळ, शेवटी कडुनिंब. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची कोवळी पालवी हाती येते तोवर दोनेक महिने आवारात रोज पाचोळ्याचा नवा थर असतो. आणि गेली तीन-चार वर्षं याच दिवसांत सोसायटीच्या सभेत एक वाद हमखास पेटतो: पाला खराट्याने झाडायचा की ब्लोअरने उडवायचा? एका बाजूला आवाजाने हैराण झालेले लोक. दुसऱ्या बाजूला ‘जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून खराटाच धरून बसलोय’ म्हणणारे. यंदाच्या सभेत हा वाद दीड तास चालला. त्या दीड तासात गोळा केलेल्या पानांचं पुढे काय करायचं, हा विषय एकानेही काढला नाही, आणि जी बाई रोज सकाळी ती पानं गोळा करते तिला सभेला बोलवावं, असंही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

माझं मत आधीच सांगते. सोसायट्यांच्या आवारात आणि गल्लीबोळांत हवा मारून पाला हाकलणारं यंत्र नको. पण आज ज्या मजुरीत आणि ज्या हालात खराटा चालतो, तो तसाच चालू द्या, हेही मला मान्य नाही. यंत्र जरूर आणा. ते जिथे ओझं आहे तिथे आणा: पाला उचलायला, वाहायला, चुरायला. जमिनीवरून पाला गोळा करण्याचं काम हाताकडे राहू द्या आणि त्या हाताला त्याच्या वेळेचे पुरेपूर पैसे द्या.

ब्लोअरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आवाजाचा नाही, पैशाचाही नाही. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. खराट्याचं कौतुक निघालं की आपल्याकडे लगेच गाडगेबाबांचं नाव घेतलं जातं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची, हा त्यांचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. पण बाबांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला होता. आपण तो दुसऱ्याच्या हातात ठेवून त्याची थोरवी गातो. आणि पुण्याला तर झाडूबद्दल बोलताना फार जपून बोललं पाहिजे. पेशव्यांच्या या राजधानीत अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, म्हणजे त्यांच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागे पुसली जावी, हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलं आहे. आज पहाटे साडेपाचला आरोग्य कोठीवर हजेरी लावून खराटा खांद्यावर टाकून जी माणसं रस्त्यावर उतरतात ती कोणत्या वस्त्यांतून येतात, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. तेव्हा झाडणकाम करणाऱ्या बाईचा शिकलेला मुलगा जर म्हणाला, ‘माझ्या आईच्या हातातला खराटा सुटलाच पाहिजे,’ तर त्याला पर्यावरणावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही.

दुसरा मुद्दा जात्याचा. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका पहाटे चारला उठून दळायला बसत. जात्यावरच्या ओव्या गोड आहेत, पण त्या ओव्यांचं कौतुक बहुतेक वेळा ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांनीच केलं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा एकाही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळले नसतील. यंत्राने बाईची पहाट तिला परत दिली. बँकांत संगणक येऊ नयेत म्हणून संप करणाऱ्यांची मुलं पुढे संगणकावरच पोट भरू लागली. मग खराटाच तेवढा पवित्र का? जात्याला एक न्याय आणि खराट्याला दुसरा का?

आणि तिसरा, गटाराचा. मैला साफ करण्यासाठी माणसाला संरक्षक साधनांशिवाय मॅनहोलमध्ये उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी केली. तरीही माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. तिथे यंत्रच हवं, आजच हवं, कितीही महाग असलं तरी हवं. माझा यंत्राला तत्त्व म्हणून विरोध असता, तर हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

पण मग नेमका फरक कुठे पडतो? गिरणीच्या डब्यात गहू जातो आणि पीठ बाहेर येतं. काम पुरं होतं. गटारात उतरणारं यंत्र गाळ ओढून टाकीत घेतं, माणूस वर उभा राहतो. तिथेही काम पुरं होतं. ब्लोअरला तुम्ही पान दिलंत तर तो काय देतो? तेच पान, दहा फुटांवर. ते पुन्हा वाकून उचलायचं, पोत्यात भरायचं, पोतं फाटकापर्यंत न्यायचं आणि टेम्पोत चढवायचं काम जसंच्या तसं शिल्लक राहतं, आणि ते कुणाकडे राहतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. यंत्राची कसोटी एवढीच असावी: त्याने कुणाच्या अंगावरचं ओझं उतरवलं? या कसोटीवर गिरणी उतरते, मॅनहोलचं यंत्र उतरतं. ब्लोअर उतरत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सभेनंतरच्या रविवारी मी खाली जाऊन उभी राहिले. ठेकेदाराने पाठवलेला विशीतला मुलगा पाठीला ब्लोअर बांधून आला. दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि वरच्या मजल्यावरचं एक तान्हं बाळ रडायला लागलं. मुलाच्या कानात काही नव्हतं, नाकावर रुमाल होता. पार्किंगमधला पाला वीसेक मिनिटांत कंपाउंडच्या भिंतीशी लागला, हे खरं. बदामाची मोठाली तांबडी पानं झपाट्याने सरकली. पण सोनमोहराची बारीक पानं पेव्हर ब्लॉकच्या फटींत घुसली, काही स्कूटरींच्या चाकांमागे जाऊन बसली आणि एक मोठा झोत पावसाळी चेंबरच्या जाळीतून सरळ खाली गेला. मुलाचा त्यात दोष नाही. त्याला ‘फरशी दिसली पाहिजे’ एवढंच सांगितलेलं असतं. चेंबरमध्ये काय गेलं हे जूनमध्ये कळतं, तेव्हा पाणी पार्किंगमध्ये शिरतं आणि आपण महापालिकेच्या नावाने खडे फोडतो. इंजिन बंद झाल्यावर हवेतली धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर बोट फिरवलं तर बोटाला करडी रेघ आली.

मग मावशी आल्या. त्यांचा खराटा नारळाच्या हिरांचा, मधोमध बांबू ठोकलेला. त्यांनी त्याचं बूड जमिनीवर दोनदा आपटून काड्या सारख्या केल्या आणि भिंतीशी साचलेला ढीग पुढे ओढायला घेतला. ओढता ओढता हात आपोआप निवड करत होता: प्लास्टिकची पिशवी बाजूला, फुटलेली काच बाजूला, मांज्याचा गुंता बाजूला. पोती भरायला त्यांना पाऊण तास लागला. मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला काय बरं वाटतं? मशीन की खराटा?’ मला वाटलं होतं त्या खराटा म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘ताई, मशीन मला द्या की. त्याला कशाला देता? त्याला पगार जास्त, अन् मागनं झाडायचं मलाच.’ मी गप्प झाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, यात अवघड काय जातं? तर म्हणाल्या, ‘झाडायचं काही नाही वो. पोतं भरायचं अन् उचलायचं, तिथं जीव जातो.’

सबंध वाद या दोन वाक्यांत आहे. पहिल्या वाक्यात त्यांनी सांगितलं की यंत्र आलं आणि कामाची वाटणी बदलली. ब्लोअर विकत घेतल्यावर ठेकेदाराने झाडणाऱ्या तीन बायकांपैकी एकीला कमी केलं आणि यंत्रावर पुरुष ठेवला. गिरणीच्या उदाहरणात हा भाग आपण विसरतो. जात्यावरचं दळण बिनमजुरीचं होतं, ते गेलं त्यात बाईचं नुकसान काहीच नव्हतं. आवार झाडणं हे मजुरीचं काम आहे. ते अर्धवट यंत्राकडे गेलं की मजुरी यंत्रवाल्याकडे जाते आणि कष्टाचा शेवटचा, सगळ्यात जड तुकडा बाईकडे राहतो. आणि दुसऱ्या वाक्यात त्यांनी यंत्र कुठे हवं ते दाखवून दिलं.

आता हवेकडे वळू. ब्लोअर ज्या देशांत रुजला तिथे पानगळ शरद ऋतूत होते, ओल्या थंडीत, बहुतेक हिरवळीवर. आपली पानगळ पडते ती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो, पुढचा पाऊस जूनमध्ये. झाडं पानं टाकतात तीच मुळात पाण्याची बचत करण्यासाठी. चार महिन्यांची साचलेली धूळ, टायरांची आणि ब्रेकची भुकटी, वाळलेली कुत्र्यांची घाण, बुरशीचे कण, हे सगळं त्या पानांखाली असतं. त्यावर ताशी 200-250 किलोमीटर वेगाने हवा मारली तर ते जाणार कुठे? तळमजल्यावरच्या आजोबांच्या छातीत, शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या पोरांच्या नाकात. पुणे हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं, म्हणजे हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतलं शहर आहे. 2019 पासून या कार्यक्रमाखाली रस्त्यावरची धूळ कमी करायला पैसा खर्च होतो आहे. एकीकडे धूळ बसवायला पाण्याचे फवारे आणि दुसरीकडे तीच धूळ उठवायला पेट्रोल, याला काय म्हणावं?

खराट्यानेही धूळ उडते, हे मी मान्य करते. वर्षानुवर्षं झाडणाऱ्यांचे श्वासाचे त्रास हे खरं दुखणं आहे, आणि कमरेचंही. पण त्यावरचे उपाय साधे आहेत आणि आपल्या घरातलेच आहेत. मातीचं अंगण झाडण्याआधी आजी हाताने पाणी शिंपडायची, ते धूळ दबावी म्हणूनच. लांब दांड्याचा खराटा, झाडण्याआधी शिंपडायला झारी, नाकाला नीट बसणारा मास्क, चाकांचं घमेलं. हे देणं सोसायटीला ब्लोअरपेक्षा स्वस्त पडतं. आपण ते देत नाही, याचं कारण पैसा नाही. झाडणाऱ्या बाईला अवजार लागतं, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. पाठीवरच्या बऱ्याच पेट्रोल ब्लोअरमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. पुण्याच्या रिक्षा आणि जुन्या स्कूटरी आठवणाऱ्यांना तो निळा धूर आठवेल. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशेब मांडला आहे: धंदेवाईक ब्लोअर एक तास चालवला की धुरकं तयार करणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं व्हायला 2016 ची टोयोटा कॅमरी सुमारे 1,100 मैल चालवावी लागते, म्हणजे पुण्याहून निघून दिल्लीच्याही पुढे. त्या राज्याने 2021 साली कायदा केला आणि 2024 पासून अशा छोट्या नव्या पेट्रोल इंजिनांची विक्री बंद करायला घेतली. आपल्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज 90 च्या वर सहज जातो, आणि डेसिबलचं गणित असं की दर दहाने ध्वनीची शक्ती दहापट होते.

यावर उत्तर येतं: मग बॅटरीवरचा घ्या. हा मुद्दा प्रामाणिक आहे. धूर जातो, आवाज बराच उतरतो. पण धूळ तशीच उडते, पान तसंच दहा फुटांवर जातं आणि चेंबरची जाळी तशीच वाट बघत असते. ओढून घेऊन आतल्या आत चुरा करून पिशवीत भरणारं यंत्र असेल तर मात्र माझी हरकत नाही. ते काम पुरं करतं. ते मावशींना शिकवा आणि त्यांच्याच हातात द्या, पगार वाढवून.

ब्लोअरची खरी जागा कुठे आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलते असं होईल. उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून राखलेले पट्टे, मोकळ्या करायला आणि वणवा पसरत असताना त्याच्या वाटेतला पाला बाजूला सारायला वनविभागाचे कर्मचारी ब्लोअर वापरतात. तिथे पान दहा फुटांवर नेणं हेच काम आहे आणि मिनिटाला किंमत आहे. वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी बघितलेल्या कुणालाही हे पटेल. तसंच रुंद हमरस्त्यांचं. भरधाव गाड्यांच्या कडेला बाईने खराटा घेऊन उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. तिथे धूळ आत खेचणारी झाडणगाडी हवी. पण वणवा विझवायचं अवजार चौऱ्याऐंशी स्कूटरी उभ्या असलेल्या पार्किंगमध्ये आणायचं कारण काय?

या वादात खराट्याच्या बाजूचे लोकही एक चूक करतात, आणि ती लॉस एंजेलिसमध्ये आधीच होऊन गेली आहे. 1998 साली त्या शहरात घरांपासून 500 फुटांच्या आत पेट्रोल ब्लोअर वापरायला बंदी झाली. बंदी मागणारे बहुतेक सुखवस्तू घरमालक होते. विरोध कुणी केला? बागकाम करणाऱ्या लॅटिनो कामगारांनी. ते सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही यंत्र काढून घेता, आम्हाला त्याच बागेला जास्त वेळ लागेल, पण तुम्ही पैसे तेवढेच देणार. घरमालकांना शांतता हवी होती आणि तिची किंमत कामगारांनी मोजावी, असा तो सौदा होता. आमच्या सभेत ‘ब्लोअर बंद करा’ म्हणून हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘आणि झाडणाऱ्यांचा एक तास वाढवा’ असं म्हटलं? एकानेही नाही. खराटा हवा असेल तर तासाचे पैसे द्यायला हवेत. ते द्यायचे नसतील तर ब्लोअरच्या आवाजाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

पुण्याला हे नवीन नाही. याच शहरात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे दारोदारचा कचरा गाड्यांनी आणि ठेकेदारांनी उचलायचा प्रश्न आला तेव्हाही असाच वाद झाला: आधुनिक गाडी हवी की कचरा वेचणाऱ्या बायका? त्या वेळी पुण्याने वेगळं उत्तर काढलं. कचरावेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 साली महापालिकेने तिच्याशी करार केला. बायकांच्या हाती ढकलगाडी आली, ओळखपत्र आलं, घरटी ठरलेले पैसे आले. निवडण्याचं कौशल्य हातात राहिलं आणि डोक्यावरचं ओझं चाकांवर गेलं. त्याआधी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणा म्हणून लढा दिला. हमालांनी काम नाकारलं नव्हतं, पाठ मोडू नये एवढंच मागितलं होतं. मावशी वेगळं काय मागत होत्या?

आणि हे पोतं भरून जातं कुठे? पाला वजनाला हलका पण आकाराने अवाढव्य. टेम्पो भरतो तो अर्धा हवेने. म्हणून वाहून नेणं महाग पडतं, म्हणून ढीग कोपऱ्यात साठतो आणि एका संध्याकाळी कुणीतरी त्याला काडी लावतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायची जबाबदारी आपल्यावर टाकली. तरीही फेब्रुवारीत सकाळी फिरायला निघा, धुराचा वास येतो. ब्लोअर असो की खराटा, शेवट जर काडेपेटीनेच होणार असेल तर आपण भांडलो कशासाठी?

आमच्या सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवला जातो. महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. पण नुसत्या भाजीच्या देठांनी आणि खरकट्याने खड्डा आंबतो, वास मारतो, अळ्या होतात. कारण त्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी. चांगल्या खताला नत्राच्या साधारण तीसपट कर्ब लागतो. तो भरून काढायला आम्ही दर महिन्याला कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा विकत आणतो, दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या. आणि ज्या वाळल्या पानांत तोच कर्ब भरपूर असतो, ती पानं आम्ही पैसे देऊन टेम्पोने बाहेर पाठवतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मला आमच्या सगळ्यांच्या शिक्षणाची लाज वाटली. पुण्यातच 2016 पासून ब्राऊन लीफ ही चळवळ हेच सांगते आहे: ज्याच्याकडे पाला जास्त आहे त्याने तो गच्चीवर बाग करणाऱ्याला द्यावा, जाळू नये. एक पाला चुरायचं यंत्र तीन-चार सोसायट्यांनी मिळून घेतलं तर दहा पोत्यांची दोन पोती होतात, आणि वर्षभराचा कर्ब पत्र्याच्या शेडखाली साठवता येतो. इथे हवं यंत्र.

सगळा पाला उचलायचीही गरज नाही. पार्किंग, जिने, चेंबर, येण्याजाण्याची वाट साफ हवी. म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरू नये. पण झाडांच्या बुंध्याशी पानं चार बोटं पडून राहिली तर बिघडतं काय? माती उन्हाने तापत नाही, टँकरचं पाणी लवकर उडत नाही. आमच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कुणी झाडत नाही, तिथे सकाळी सातभाईंचा थवा उतरतो आणि चोचीने एकेक पान उलटून किडे टिपतो. झाडून लख्ख केलेल्या पुढच्या बाजूला तो फिरकतही नाही. जर्मनीच्या पर्यावरण खात्याने 2019 साली लोकांना ब्लोअर टाळायला सांगितलं ते पाल्यातल्या याच किड्यांसाठी. लोक सापाची आणि डासांची भीती घालतात. डास साचलेल्या पाण्यात होतात, कुंड्यांखालच्या बशांत आणि उघड्या टाक्यांत. माघातल्या कोरड्या पाल्यात नाही. साप उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामागे. उंच ढीग करून महिनोन्‌महिने ठेवू नका, पातळ थर ठेवा, एवढी काळजी पुरते.

मी सोसायटीला लेखी प्रस्ताव दिला आहे. ब्लोअर ठेकेदाराला परत. कमी केलेल्या बाईला पुन्हा कामावर बोलवायचं. चाकांच्या दोन गाड्या, लांब दांड्याचे खराटे, मास्क. पाला चुरायचं यंत्र शेजारच्या दोन सोसायट्यांबरोबर भागीदारीत, आणि ते चालवायचं शिक्षण मावशींना. पानगळीच्या 60 दिवसांत दोघींना रोज एक तास जादा, तासाला 100 रुपयांनी. होतात 12,000 रुपये. आमच्याकडे 48 फ्लॅट आहेत. घरटी 250 रुपये, अख्ख्या पानगळीचे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला सभा आहे, आणि या वेळी मावशींना मी स्वतः बोलावलं आहे. त्या म्हणाल्या, दहाला दुसऱ्या सोसायटीचं काम असतं. म्हणून सभा साडेअकराला घ्यावी, असंही मी त्या अर्जात खाली लिहिलं आहे.